चष्म्यातला अर्जुन आणि लेझर

वेषधारी: वय 26, दोन्ही डोळ्यांना उणे साडेपाच. दिवसा पणजीत कॉम्प्युटरवर नोकरी, आणि जत्रा सुरू झाल्या की पेडण्याकडे दशावतारात सोंग घेतो. चष्मा लावलेला अर्जुन कुणी बघितलाय का? म्हणून लेन्स. तोंडाला रंग, वर हॅलोजन, पहाटेपर्यंत डोळे लालबुंद. गेल्या खेपेला ऐन युद्धात डावी लेन्स निसटली, अंतराचा अंदाजच गेला, आणि कौरवाला सोडून मी मांडवाच्या खांबावर वार केला. लोक पोट धरून हसले. पावसात नाटकं बंद असतात, तेव्हा लेझरने डोळ्यांचा नंबर उतरवून टाकणार. परवडत असेल तर हे ओझं नाकावर का वागवायचं? पटत नसेल त्यांनी बोला.

रात्रपाळी: नाही पटत. मी 4 वर्षांपूर्वी लॅसिक, म्हणजे नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन, केलं. नंबर गेला, खरं आहे. पण कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, पापुद्रा कापताना तिथल्या बारीक नसाही कापल्या जातात आणि डोळे कोरडे पडतात. बहुतेकांचं काही महिन्यांत ओसरतं. माझं ओसरलं नाही. एसीत बसलो की खिशातली थेंबांची बाटली निघते. रात्री झुआरी पुलावर समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. तू जत्रेहून पहाटे बाईकने येतोस ना? मग विचार कर. लेन्सने आत्ताच डोळे लाल होतात, तर आधी अश्रूंची तपासणी करून घे.

फोंड्याची ताई: एकाचं बिघडलं म्हणून सगळ्यांना घाबरवू नका हो. माझ्या ऑपरेशनला 6 वर्षं झाली. थेंबांनी डोळा बधिर करतात, वरून कडं दाबून बसवतात, काही सेकंद डोळ्यापुढे अंधार. मग केस जळल्यासारखा वास. खरं तर जळत काहीच नाही, पण त्या वासानेच मी घाबरले. अर्ध्या तासात घरी. आषाढात स्कूटर चालवताना चष्म्याच्या काचा पुसत बसणं काय असतं, ते चष्मेवाल्यालाच ठाऊक! दुसऱ्या दिवशी पंख्याची पाती मोजली मी. पण माझा नंबर 2 वर्षं हलला नव्हता. तुझा?

पातळ कॉर्निया: मला डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं, आणि आता त्याचं बरंच वाटतं. हिशेब साधा. कॉर्नियाची जाडी सरासरी 540 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). पापुद्र्याचे 110 गेले, वर एका नंबरमागे लेझर साधारण 12 ते 15 खरवडतं. खाली निदान 250 तरी उरायला हवेत, 300 उरले तर उत्तम. माझा कॉर्निया मुळात 470 आणि नंबर उणे 8, करा वजाबाकी. शिवाय कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात केराटोकोनसचा संशय आला, म्हणजे कॉर्निया कमकुवत होऊन टोकदार होत जाणं. अशा डोळ्यावर लेझर मारलं तर दृष्टी आणखी बिघडते. लहानपणापासून डोळे चोळायची सवय होती मला.

मास्तर: माझा विरोध वेगळाच. बाळा, चाळिशी चुकत नाही. लेझर कॉर्निया घडवतं; डोळ्यातलं भिंग वयाने कडक होतं, त्याला ते काय करणार? पुढे जवळचं वाचायला चष्मा लागणारच. आणि तुझा डोळा आतून लांबटच राहणार, म्हणजे पडदा फाटण्याचा धोका तसाच. नंबर गेला म्हणून पडद्याची तपासणी सोडायची नाही. आधीचे रिपोर्टही जपून ठेव, मोतीबिंदूच्या वेळी भिंगाची पॉवर काढायला लागतात.

फोंड्याची ताई: मास्तर, 15 वर्षांनी चाळिशी येणार म्हणून आत्ताची 15 वर्षं काचेआड काढायची?

मास्तर: काढायची असं नाही म्हटलं. कळून-सवरून कर म्हटलं.

वेषधारी: ताई, जुने कागद आत्ता काढले. गेल्या वर्षी उणे 5 होता. म्हणजे वर्षात अर्धा हलला.

फोंड्याची ताई: मग यंदा नको रे. मी बाजूने बोलत होते, तरी सांगते.

रात्रपाळी: आणि तलवारबाजी करतोस. डोळ्याला मार बसला तर तो पापुद्रा वर्षांनंतरही सरकू शकतो. करायचंच तर पीआरके नावाच्या लेझरबद्दल विचार, त्यात पापुद्रा नसतो. पहिले काही दिवस जोरात चुरचुरतं, नजर सावकाश सुधारते.

वेषधारी: चुरचुरणं चालेल, पाऊसभर मोकळाच असतो. पण यंदा फक्त तपासणी, त्याआधी 2 आठवडे लेन्स बंद. नंबर थांबला तर पुढच्या पावसाळ्यात बघू. तोवर डाव्या बाजूने कौरव येऊ नये, एवढं मंडळाला सांगून ठेवतो.