चौथीचं वर्ष शिष्यवृत्तीला द्यायचं की पुढच्या शाळेला?

कराडकर बाबा

शिष्यवृत्ती परीक्षा परत चौथीत आली. 2016-17 पासून ती पाचवी-आठवीला होती, 2025-26 मध्ये शासनाने पुन्हा चौथी-सातवीला आणली. तेव्हापासून आमच्याकडे पालकांच्या ग्रुपवर दुसरा विषयच नाही. कोणता सराव संच घ्यायचा, कुठल्या सरांकडे जादा तास लावायचे, पहाटे किती वाजता उठवायचं.

माझी मुलगी चौथीत आहे. आमची झेडपीची शाळा चौथीपर्यंतच, म्हणजे जूनमध्ये तिला शेजारच्या गावच्या हायस्कुलात पाचवीला जायचंय. माझं स्पष्ट मत आहे की हे वर्ष शिष्यवृत्तीपायी खर्च करू नये. मूल एका शाळेतून उठून दुसरीकडे जाणार आहे, त्याची तयारी व्हायला हवी.

चौथीपर्यंत बहुतेक वेळ एकच बाई दिवसभर वर्गावर असतात. त्यांना पोराची खोड न् खोड माहीत असते. हायस्कुलात तासाला शिक्षक बदलतात. हिंदी नव्याने सुरू होते. सेमीला घातलं तर गणित इंग्रजीतून. आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करत नाहीत हा आपला समज आता खरा राहिलेला नाही. डिसेंबर 2023 च्या शासन निर्णयाने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. त्यात नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही जमलं नाही तर त्याच वर्गात पुन्हा बसायचं. चौथीच्या किती पालकांना हे माहीत आहे?

आमच्या शेजारचा एक मुलगा आहे, बुद्धिमत्तेत एकदम तल्लख. आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, घड्याळाचे काटे, पटापट सांगतो. त्याला 612 भागिले 6 वहीत मांडायला दिलं. उत्तर आलं 12. मधला शून्य गायब. त्याला ते चुकल्यासारखंही वाटलं नाही. असं पोर पाचवीच्या वर्गात काय करणार?

कागलची शिक्षिका

दादा, तुमची काळजी खरी आहे, पण राग चुकीच्या ठिकाणी काढताय.

शिष्यवृत्तीचा पेपर एकदा समोर घेऊन बसा. एकूण 300 गुण. मराठी 50, गणित 100, इंग्रजी 50, बुद्धिमत्ता 100. बुद्धिमत्तेच्या युक्त्यांवर शिष्यवृत्ती मिळत नाही. 612 भागिले 6 असा प्रश्न असेल तर पर्यायांत 12 मुद्दाम दिलेला असतो, कारण शून्य विसरणारी पोरं कुठे जाणार हे पेपर काढणाऱ्याला माहीत असतं. आम्ही वर्गात यावरच घसा कोरडा करतो. तुमच्या शेजारच्या मुलाची शिष्यवृत्तीची तयारी जास्त झालेली नाही, ती झालेलीच नाही.

दुसरं, परीक्षा पाचवीत गेली तेव्हा काय झालं ते आम्ही पाहिलंय. चौथीपर्यंतच्या शाळेतले गुरुजी त्यातून बाहेरच पडले. पोरगं जूनला हायस्कुलात जायचं आणि तिथल्या सरांना त्याची ओळख होईपर्यंत दिवाळी यायची, मग तयारी कधी करणार? बसणाऱ्या मुलांची संख्याही घटली. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, भुदरगड, कागलकडच्या वाड्यावस्त्यांतली पोरं गुणवत्ता यादीत येतात. ज्यांच्या घरी कुणी दहावी पाहिलेली नाही अशीही असतात. वर्षाला 5 हजार रुपये मिळतात ते वेगळंच. यादीत नाव आलं की बाप पोरीला सातवीनंतर घरी बसवायचा विचार सोडून देतो, मला त्याचं मोल जास्त वाटतं.

तालुक्याची आई

मॅडम, तुमच्या वर्गात होत असेल तसं. आमच्या मुलाच्या शाळेत ऑगस्टमध्येच वर्गाचे दोन भाग पडले. निवडक दहा-बारा पोरं पुढच्या बाकांवर, त्यांचा साडेनऊपासून जादा तास. बाकीच्यांना शुद्धलेखन लिहायला सांगून बसवलेलं. माझा मुलगा त्या बाकीच्यांत. शाळेत का जायचं नाही विचारलं तर म्हणाला, "मी शिष्यवृत्तीचा नाहीये ना." नऊ वर्षांच्या पोराने स्वतःबद्दल असं ठरवून टाकावं? निकालाच्या फलकावर लागलेले चेहरे सगळे बघतात, मागच्या बाकांचा हिशेब कोण ठेवतं?

कागलची शिक्षिका

ताई, हे वाचून वाईट वाटलं. असं वागणं चूकच आहे आणि त्याची बाजू मी घेणार नाही. पण अशा शाळेत शिष्यवृत्ती नसती तर मागच्या बाकांना शिकवलं असतं का? मला तरी तसं वाटत नाही. पालकसभेत सरळ मागणी करा, की जादा तास घ्यायचे तर सगळ्या वर्गाचे घ्या. पाच-सहा पालक मिळून उभे राहिलात तर मुख्याध्यापकांना ऐकावंच लागतं.

पाटणचा पालक

तुमचं चालू द्या, पण मधेच एक सांगतो, कारण यात लोकांचं फार नुकसान होतंय. चौथी झाली की बरेच जण पोराला तालुक्याच्या गावी ठेवतात. खोली घेतात किंवा मामाकडे पाठवतात. कारण काय, तर तिथे नवोदयचे, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचे, क्लास चांगले.

नवोदयची परीक्षा पाचवीत असते आणि ती एकदाच देता येते. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास. जिल्ह्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी. पण त्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली लागतात. या काळात एक दिवस जरी पोरगं शहरी भागातल्या शाळेच्या पटावर असलं तरी ते शहरी धरलं जातं. तालुक्याचं गाव नगरपालिकेत किंवा नगरपंचायतीत असेल तर विषय संपला. म्हणजे ज्या नवोदयसाठी पाठवलं, तिथलीच ग्रामीण जागा हातची गेली. दाखला काढायच्या आधी हे बघा. पाचवी गावातच किंवा शेजारच्या खेड्यात करणं परवडतं.

निवृत्त मुख्याध्यापक

दाखल्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. चौथीच्या पालकांनी मार्चमध्ये अर्धा तास काढून शाळेत यावं आणि जनरल रजिस्टरमधली आपल्या पाल्याची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचावी. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात. मग आधार कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं. पहिलीला आजोबांनी नाव घातलेलं असतं. रजिस्टरमध्ये 'दिपक', आधारवर 'दीपक', जन्मदाखल्यावर तिसरंच. मूल शाळेत आहे तोवर दुरुस्तीला हाताशी शाळा असते. दाखला घेऊन गेलं की पुढची शाळा तीच नोंद उतरवून घेते, आणि मग अर्ज, पुरावे, वरच्या कार्यालयाची मंजुरी. दहावीच्या फॉर्मच्या वेळी धावपळ करणारे पालक मी भरपूर पाहिले, आणि बहुतेकांची चूक चौथीच्या दाखल्यातच होती.

मूळ वादावर माझं मत बाबांच्या बाजूने. परीक्षेला बसवा, पण फेब्रुवारीनंतर निम्मा वेळ वाचनाला द्या. अनोळखी उतारा न अडखळता वाचून त्यावर स्वतःच्या शब्दांत चार वाक्यं लिहिता येत नसतील तर पाचवीत प्रत्येक विषय अडतो. त्याला क्लास लागत नाही. रोज संध्याकाळी पेपरातली एक बातमी वाचून घ्या.

कराडकर बाबा

नवोदयची अट आणि रजिस्टर, दोन्ही मला माहीत नव्हतं. आभारी आहे.

मॅडम, पर्यायांत 12 मुद्दाम देतात हे पटलं. पण त्यामुळे होतं काय, तर पोरगं पर्याय खोडायला शिकतं. 12 ला 6 ने गुणलं की 72, म्हणजे हा नाही, पुढचा बघ. गोल रंगवला, दोन गुण आले. भागाकाराची मांडणी त्याला अजूनही येत नाही. पाचवीच्या लेखी परीक्षेत पर्याय नसलेली गणितं येतील, तिथे पायऱ्या लिहायला लागतील. माझा आक्षेप याच्यावर आहे.

आणि जाण्यायेण्याचं कुणीच बोललं नाही. हायस्कूल साडेतीन किलोमीटर, सकाळी एकच एसटी. मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, हे चांगलंच. पण दहा वर्षांच्या पोरीने एकटीने गाडी पकडायची, चुकली तर काय करायचं, कुणाच्या घरी थांबायचं, हे तिला शिकवायलाही वेळ लागतो. तो वेळ याच वर्षातून काढायचा आहे.

कागलची शिक्षिका

मांडणीचं म्हणणं मान्य. माझ्या वर्गात डाव्या पानावर मांडणी केल्याशिवाय उजव्या पानावर पर्याय लिहू देत नाही. वेळ जास्त जातो, दिवसाला दहाच गणितं होतात, पण चालतं. तुम्हीही घरी तेच करा, सराव संचातले पर्याय कागदाने झाकून सोडवायला द्या.

पण बसवू नका, हे मी मान्य करणार नाही. तुम्ही मुलीला घरी वाचून दाखवता, एसटीत बसवून आणाल, हायस्कुलात जाऊन सरांना भेटाल. जिचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि जी आजीजवळ राहून शिकतेय, तिच्यासाठी हे सगळं करणारी फक्त शाळा असते. तिचा फॉर्म मी भरणार, आणि तिच्याबरोबर सगळ्या वर्गाचा भरणार.