पोलिसांच्या निवृत्त गाड्या संस्थांना दान द्याव्यात का?

(टोपणनावांनी झालेली चर्चा)

जमाखर्च: ‘पोलिसांच्या जुन्या गाड्या भंगारात घालण्यापेक्षा आश्रमशाळांना आणि दवाखान्यांना दान द्या, एका सहीचे काम आहे’ असे आवाहन सध्या जो तो पुढे पाठवत आहे. ते एका सहीचे काम नाही, म्हणून हा प्रपंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५२-अ १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार शासकीय वाहनाच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणच होत नाही आणि गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राकडे द्यावी लागते. सूट आहे ती चिलखती व तत्सम विशेष वाहनांना. म्हणजे पंधरा वर्षे झालेली बोलेरो कुणाला द्यायची म्हटले, तरी ती रस्त्यावर आणता येणार नाही.

कायदा बाजूला ठेवला, तरी खर्च राहतोच. मी एका विश्वस्त संस्थेचे हिशेब पाहतो. आम्हाला पूर्वी एका कार्यालयाची जुनी जीप मिळाली होती. हार घातलेल्या जीपसमोर किल्ली देतानाचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले आणि त्यानंतर क्लचप्लेट, बॅटरी, चारही टायर, विमा आणि चालकाचा पगार आमच्या खात्यावर पडला. ज्या देणगीदारांनी मुलांच्या दुधासाठी पैसे दिले होते, त्यांना मी काय उत्तर द्यायचे?

पर्लकोटेपलीकडचा: नियम वाचून दाखवल्याबद्दल आभार, पण आपण अर्धाच वाचलात. कित्येक गाड्या धाव जास्त झाल्यामुळे पंधरा वर्षांच्या आतच निर्लेखित होतात, म्हणजे वापरातून बाद ठरतात. त्यांची नोंदणी चालू असते आणि लिलावात घेणारा व्यापारी त्या रंगवून खुशाल विकतो. व्यापाऱ्याला चालते ती गाडी संस्थेला का चालू नये? गडचिरोलीत पर्लकोटा नदीपलीकडे, भामरागडकडे पावसाळ्यात रुग्णाला खाटेवर घालून, खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणतात. तिथून पुढे नेणारे कोणतेही वाहन आम्हाला चालेल. शहरात बसून क्लचप्लेटचा हिशेब मांडणे सोपे आहे.

जमाखर्च: ‘कोणतेही वाहन’ म्हणूनच चालत नाही. रुग्णवाहिकेसाठी एआयएस-१२५ हे स्वतंत्र मानक आहे. जीपच्या मागच्या आसनावर रुग्ण आडवा केला, म्हणून तिची रुग्णवाहिका होत नाही.

पर्लकोटेपलीकडचा: खाटेसाठी कोणते मानक आहे, तेही सांगून टाका.

माजी एमटी चालक: पोलीस मोटार परिवहन विभागात माझी सारी नोकरी गेली, म्हणून लिहितो. मीटरवरची धाव पाहून आमच्या गाडीची किंमत करू नका. बंदोबस्तात गाडी जागेवर उभी असते, पण इंजिन तासन्‌तास चालू असते आणि ते तास मीटरवर येत नाहीत. पाळी बदलली की चालक बदलतो, त्यामुळे गाडी कुणा एकाची नसते. निर्लेखन समिती तिला निकामी ठरवते, तेव्हा ती बहुधा खरोखरच निकामी असते. शिवाय दरवाजावरची ‘पोलीस’ ही अक्षरे नीट खरवडली नाहीत, तर टोलनाक्यावर कोण काय सांगून पुढे जाईल, याचा भरवसा नाही.

मोटारसायकल गेलेला: निकामी गाड्यांचाच विषय निघाला आहे, तर पोलीस ठाण्याच्या आवारात पाहा. वेलींनी झाकलेल्या शेकडो गाड्या तिथे गंजत आहेत. त्या आधी दान करा! माझी चोरीला गेलेली मोटारसायकल सापडली, पण मुद्देमाल म्हणून आवारात पडून राहिली आणि हातात आली तेव्हा पेट्रोलची टाकी तळातून फुटलेली होती.

वकील: दोन विषयांची गल्लत करू नका. निर्लेखित गाडी शासनाच्या मालकीची असते. मुद्देमालातील गाडी आपल्यासारख्या नागरिकाची असते आणि तिचा निर्णय न्यायालय करते. जप्त वाहने ठाण्यात दीर्घकाळ ठेवू नयेत, पंचनामा आणि छायाचित्रे करून, हमीपत्र घेऊन ती परत द्यावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितले आहे. आता फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये मालमत्तेचे विवरण तयार करण्यासाठी चौदा दिवसांची आणि त्यानंतर विल्हेवाटीच्या आदेशासाठी तीस दिवसांची मुदत आहे.

मोटारसायकल गेलेला: मुदत पुस्तकात आहे आणि माझी टाकी आवारात फुटली आहे. अर्ज घेऊन गेलो की साहेब बंदोबस्तात असत आणि न्यायालयात गेलो की पुढची तारीख मिळे. आपल्या पक्षकारांनाही आपण कलमेच ऐकवता का?

माजी एमटी चालक: साहेब बंदोबस्तात असत, म्हणजे कुठे मौज करत नसत! त्या गाड्यांवर ठाण्यानेच लक्ष ठेवायचे, जागा ठाण्याचीच अडायची आणि एखादा आरसा चोरीला गेला, तर जबाबही मुद्देमाल कारकुनानेच द्यायचा. कुणाला हौस आहे का?

वकील: वैयक्तिक शेरे टाळल्यास बरे. अर्ज योग्य वेळी आणि योग्य न्यायालयात केला असता, तर टाकी वाचली असती, एवढेच म्हणतो.

मोटारसायकल गेलेला: म्हणजे चूक टाकीची. समजले.

पर्लकोटेपलीकडचा: मोटारसायकलीला श्रद्धांजली वाहून झाली असेल, तर मूळ प्रश्नाकडे येऊ. लिलाव करून पैसे संस्थेला द्या, असे काही जण आता सुचवतील. लिलावाची रक्कम शासनाच्या तिजोरीत जमा होते आणि तिथून ती आमच्या दवाखान्यापर्यंत येईल, यावर माझा विश्वास नाही. गाडी मात्र रस्ता असेल तिथवर येते.

जमाखर्च: तिजोरीबद्दलचे आपले मत मला नाकारता येत नाही, हे खेदाने नमूद करतो. तेव्हा घ्या गाडी; पण नोंदणीची काही वर्षे शिल्लक असलेलीच घ्या, आरटीओचे योग्यता प्रमाणपत्र आधी मागा, मालकी हस्तांतर पूर्ण होईपर्यंत किल्ली स्वीकारू नका आणि डिझेल व चालक यांचा खर्च कोण देणार, हे लेखी घ्या. एवढे करून कुणी गाडी देत असेल, तर हार मी स्वखर्चाने आणीन.

माजी एमटी चालक: हाराचे पैसे बॅटरीसाठी ठेवा. गाडी जमा करण्याआधी चांगली बॅटरी काढून दुसऱ्या गाडीला लावतात; हे मी ऐकीव सांगत नाही.