इंजेक्शनचा संगणक दोष सुधारतो की झाकतो?

मूळ मुद्दा
गाडीच्या इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्शन प्रणालीचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड होते. तिचा संगणक, म्हणजे ईसीयू, पेट्रोल मोजत नाही. रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब ठरलेला आहे असे धरून आणि आत येणाऱ्या हवेचा हिशेब करून, १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे वजनी प्रमाण साधण्यासाठी इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी तोटी, किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, एवढेच तो ठरवतो. फिल्टर तुंबून पेट्रोल कमी पडू लागले, तर धुरातला ऑक्सिजन पाहणारा लॅम्डा सेन्सर मिश्रण पातळ झाल्याचे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचे) कळवतो, ईसीयू उघडण्याचा वेळ वाढवतो आणि चालकाला काहीच जाणवत नाही. इंजेक्शनच्या आधीच्या कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचे बारीक छिद्र) तुंबला की गाडी पहिल्याच चढावर अडखळत असे. इथे मात्र दोष आतल्या आत मुरत राहतो.

प्रतिसाद १
असहमत. दोष झाकला जात नाही, त्याची नोंद होते. किती दुरुस्ती करावी लागली याचा आकडा ईसीयू 'फ्युएल ट्रिम' म्हणून जपून ठेवतो आणि स्कॅनर लावल्यावर तो दिसतो. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) अधिक १८ टक्के आणि २५०० आरपीएमला अधिक ३ टक्के दिसले, तर थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) आणि इंजिन यांच्या मध्ये कुठेतरी बाहेरची हवा आत गळते आहे. उलट भार वाढेल तसा ट्रिम वाढत गेला, तर संशय पंपावर किंवा फिल्टरवर. कार्ब्युरेटरच्या काळात हेच निदान प्लग हातात धरून, त्याचा रंग पाहून, अंदाजाने होत असे.

प्रतिसाद २
एक दुरुस्ती: गळतीची ही खूण आत येणारी हवा थेट मोजणारा एअर-फ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांतच भरवशाची आहे. मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलनंतरच्या हवेच्या नळीतला) दाब पाहणारी प्रणाली गळून आलेली हवाही हिशेबात धरते, त्यामुळे तिथे बहुधा आयडलिंग चढते आणि ट्रिम फारसा हलत नाही.

मूळ मुद्दा मांडणारा
आभार, पण माझा आक्षेप त्याने बळकटच होतो. शिवाय चार सिलिंडरांमागे एकच लॅम्डा सेन्सर असेल, तर तो सरासरी पाहतो. एक इंजेक्टर तुंबला की वाढीव पेट्रोल चौघांनाही मिळते. तिघे गरजेपेक्षा जास्त पितात, चौथा उपाशीच राहतो आणि सरासरी मात्र बिनचूक दिसते.

प्रतिसाद १
सरासरीचा मुद्दा मान्य. तरीही ही स्वयंदुरुस्ती म्हणजे केवळ चालकाचे लाड नव्हेत. बॉशच्या १९६७ मधील डी-जेट्रॉनिक या इंजेक्शन प्रणालीमध्ये लॅम्डा सेन्सर नव्हता, तरी तिचे काम चालले. पण धूर शुद्ध करणाऱ्या थ्री-वे कॅटॅलिस्टला मिश्रण त्या प्रमाणाच्या अगदी जवळ लागते, नाहीतर तो एकाच वेळी तिन्ही प्रदूषके (कार्बन मोनॉक्साइड, न जळालेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड) आवरू शकत नाही. गाडीला अडखळून तक्रार करू दिली, तर तोवरचा धूर कोणी गिळायचा?

मूळ मुद्दा मांडणारा
दुरुस्ती करू नये असे मी म्हणतच नाही. पण इंजिनाचा दिवा दुरुस्ती हाताबाहेर गेल्यावरच लागतो. गाडी किती किलोमीटर चालेल याचा अंदाज डॅशबोर्डवर दाखवता येतो, तर ट्रिमचा आकडा स्कॅनरमागे का दडवायचा?