ठासणीच्या बंदुकीला कोणते तेल लावावे? मदत हवी आहे
सिंधुदुर्गातील आमच्या काजूच्या बागेसाठी शेतीसंरक्षण परवान्यावर ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक आहे. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढून घेते आणि नळीला आतून गंज चढवते, म्हणून बार उडवल्यावर त्याच दिवशी नळी कढत पाण्याने धुऊन, गजाला गुंडाळलेले फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसून घेतो. खरी अडचण त्यानंतरची आहे. शिलाई मशीनचे तेल पावसाळ्यात नळीवर टिकत नाही, शिवाय उरलेल्या काजळीत मिसळून चिकट थर धरते. खोबरेल थंडीत थिजते, त्यामुळे घोड्याच्या यंत्रणेत ते घालणे मला योग्य वाटत नाही. जून ते सप्टेंबर गंज रोखील आणि बार भरण्यापूर्वी सहज पुसता येईल, असे कोणते तेल किंवा ग्रीस वापरावे, हे अनुभवी परवानाधारकांनी कृपया सांगावे.