दुःखात कशानं धरून ठेवलं?

गुड फ्रायडेची उपासना संपल्यावर आम्ही चार-पाच जणी चर्चच्या पायऱ्यांवर टेकलो. विषय उपदेशावरून निघाला आणि ज्याच्या त्याच्या दुखण्यावर गेला. ज्याला त्याला दुःखात कशानं धरून ठेवलं, हे या धाग्यावर लिहून मागवावं असं तेव्हाच वाटलं. अट एकच: चमत्काराची साक्ष नको, ती आपण रविवारी ऐकतोच. 'देवाची इच्छा' हेही नको. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते. तिथवर त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. तेव्हा कुणी कुणाला समजवायला जाऊ नका, आपापलं लिहा.

सुरुवात मीच करते. 2016 च्या पावसाळ्यात माझी मुलगी डेंगूनं गेली. नववीत होती. दफनाहून परतलो तर घर माणसांनी भरलेलं. 'प्रभूनं आपलं लाडकं फूल खुडून नेलं' असं तिघांनी तरी ऐकवलं. मला त्या फूल खुडणाऱ्याचाच राग आला. आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या अक्का मात्र सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, टोपलीतले लसणाचे गड्डे पुढ्यात ओढले आणि सोलत बसल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या. आठवडाभर येत राहिल्या. त्या घरात इतका लसूण कुणाला लागणार होता! शेवटच्या दिवशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय वाच गं. पण लाजर उठतो तिथवर पळू नकोस. 'येशू रडला' तिथं थांब."

थांबले. मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी रडला. आणि त्याआधी लाजराच्या बहिणीनं, मार्थेनं त्याला तोंडावर सुनावलं होतं की तू इथं असतास तर माझा भाऊ गेला नसता. कितीतरी महिने माझीही प्रार्थना तेवढीच होती. तू कुठं होतास? उत्तर आलं नाही. पण विचारणं बंद केलं नाही, आणि ज्याला विचारत होते तो आहे, हे त्या विचारण्यातच धरलेलं होतं.

वसईहून

बायकोच्या केमोच्या दिवसांत दर मंगळवारी मुंबईला जायचो. ती तिथं दाखल, मी डबा घेऊन लोकलमध्ये. मंगळवार म्हणजे जपमाळेतली दुःखाची रहस्यं, येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग. गर्दीत खिशातून माळ काढणं शक्य नाही, म्हणून बोटांच्या पेरांवर मोजायचो. वसई रोडला सुरू केलेली माळ बोरिवलीला संपते, हे त्या सात महिन्यांत कळलं. भाईंदरच्या खाडीवर गाडी आली की तिसरं रहस्य, काटेरी मुकुटाचं.

आमच्या डब्यात भजनी मंडळ असायचं. टाळ सुरू झाले की माझी मोजणी चुकलीच. मी 'नमो मरिया' म्हणतोय आणि ते 'माउली माउली'. सुरुवातीला वैताग यायचा. मग वाटलं, हाक आईलाच चाललीय ना? चुकलेल्या माळा तिच्या हिशेबात लिहून टाकल्या. एकदा त्यांच्यातल्या बुवांनी डब्याकडे पाहून विचारलं, "घरी कोण आजारी?" त्यानंतर खिडकीची जागा माझी झाली.

बायको आता बरी आहे. धाग्याची अट आहे म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

मिरजेची, सध्या मस्कतला नर्स

एप्रिल 2021. आई गेली. इकडे वॉर्डात माझी ड्युटी, रजा मिळणं अशक्य. दफन फोनवर पाहिलं. पीपीई घातलेली चार माणसं, त्यात माझा भाऊ कोणता तेही ओळखू येईना. पाळकसाहेबांनी 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' सुरू केलं आणि चित्र अडकलं. परत जोडलं तोवर माती पडून गेली होती.

स्टोअररूममध्ये बसून मोबाइलवर पुढचं वाचायला गेले आणि बोट सरकून तेविसाव्याऐवजी बावीसावं स्तोत्र उघडलं. 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' वधस्तंभावर येशूनं हेच म्हटलं, हे लहानपणापासून पाठ होतं. पण ते तेविसाव्यातल्या शांत हिरव्या कुरणाच्या अगदी आधीच्या पानावर आहे, हे त्या दिवशी दिसलं. तेविसावं मी अजून मोठ्यानं वाचू शकत नाही. बावीसावं वाचते.

दौंड तालुक्यातून

केडगाव माझं आजोळ. पणजी दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या मुक्तीत, निराधार बायकांच्या आश्रमात आली आणि तिथल्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली. रमाबाईंचं आयुष्य आम्हाला गोष्टीसारखं पाठ: आईवडील दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये कॉलऱ्यानं नवरा आणि 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा. तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचं काम त्यांनी सोडलं नाही.

माझ्या नवऱ्याचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास. मी शेजारी बसून वहीत बायबल उतरवते. लेवीय कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू! पण हात चालू असला की मशिनच्या आवाजाकडे लक्ष जात नाही. सध्या यिर्मया चालू आहे. सहावी वही.

नाव नको

मुलाला फिट्स यायच्या. एका प्रार्थना मेळाव्यात सांगितलं गेलं की गोळ्या देता म्हणजे तुमचा विश्वास कमी. आम्ही गोळ्या थांबवल्या. पुढचं लिहवत नाही. आमच्या पाळकांना कळलं तेव्हा ते रात्री दहाला स्कूटरवर आले, आम्हाला डॉक्टरकडे घेऊन गेले आणि परत येताना म्हणाले, "शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता, हे त्यांनी वाचलं नाही वाटतं." पाच वर्षांत पहिल्यांदा हसलो. मुलगा गोळ्या घेतो. प्रार्थनाही चालू आहे.

(धागा सुरू करणारी मी: ही अट आधीच लिहायला हवी होती, औषध थांबवायला सांगणारं काही इथं नको.)

मुंबईहून

माझं थोडं वेगळं आहे. भाऊ गेल्यापासून चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जात नाही. विश्वास आहे की नाही, कुणी विचारलं तर सांगता येत नाही. पण 2 नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, दफनभूमीत जातो. आधीच्या रविवारी क्रुसाला चुना लावायचा, गवत काढायचं, नावातलं शेवाळ जुन्या टूथब्रशनं घासायचं. यंदा चुना अर्धा डबा उरला. शेजारच्या क्रुसाचं कुणी आलं नव्हतं. त्यालाही दोन हात मारून आलो.