गूगल फॉर्मवरून तरुणांचं मानसिक आरोग्य कळतं का?

घाटावरची: भाचीचा चौथ्या वर्षाचा रिसर्च प्रोजेक्ट आहे, सोशल मीडिया आणि तरुणांचं मानसिक आरोग्य. वर्गात बऱ्याच जणांचा हाच विषय आणि पद्धत पण एकच, गूगल फॉर्म करायचा, कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, शंभरेक उत्तरं आली की पाय चार्ट. यात ज्या मुलींकडे स्वतःचा फोन नाही त्या सुरुवातीलाच गळतात. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीचा २०२३चा ग्रामीण अहवाल बघा, १४ ते १८ वयाच्या ज्या मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो त्यांच्यातसुद्धा स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलांकडे आणि १९.८ टक्के मुलींकडे. भावाच्या फोनवर इन्स्टा बघणारी मुलगी काय डिलीट करते, कुणाला घाबरते, हे कोण विचारणार?

सांगलीकर: ताई, नाही पटलं. डिग्रीची पोरं आहेत ती, गाइड सँपल मागतात, वेळ कुठंय. आणि फोनचा त्रास सगळ्यांनाच आहे, त्यात बाई-पुरुष, जातपात कशाला? आमच्या जिल्ह्यात मोहित्यांच्या वडगावात २०२२ मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, पोरं अभ्यासाला. गावानं कुठल्या रिसर्चची वाट नाही बघितली.

भीमनगर_कट्टा: दादा, सगळ्यांना सारखाच त्रास कसा? १४ एप्रिलच्या मिरवणुकीची रील टाका आणि खालच्या कमेंट वाचा, आडनाव दिसलं की आरक्षणावरून सुरू होतात. त्या कमेंट वाचण्यात गेलेले दोन तास आणि दुसऱ्याचे क्रिकेट बघण्यातले दोन तास फॉर्ममध्ये एकाच रकान्यात. आणि आमच्या पोरांना स्कॉलरशिपचा फॉर्म कसा भरायचा, कागद कुठले लागतात, हे टेलिग्रामवर सीनियरच सांगतात, घरात सांगणारं कोणी नसतं.

आकडेमोड: तासांवरून फार कळत नाही हे खरंय. ऑर्बेन आणि प्रिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांवर किशोरवयीनांची माहिती तपासली, मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के भागाचा संबंध स्क्रीनशी लागला. पण ताई, तुमचा मुद्दा स्वतःच 'असर'च्या आकड्यावर उभा आहे. नुसत्या दहा मुलाखती घेऊन कोणी धोरण बदलत नाही.

घाटावरची: आकडे हवेतच, पण 'असर'वाले घरोघरी गेले होते, लिंक पाठवून मोकळे झाले नाहीत. आणि माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. या फॉर्मात सर्रास पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली टाकतात, त्यातला नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. नाव न देता कुणी 'जवळजवळ रोज' टिक केलं तर ते पोर शोधणार कसं? मार्क मिळतात आणि ती शीट ड्राइव्हवर पडून राहते.

सांगलीकर: हे मात्र मान्य, नववा प्रश्न काढाच, आणि फॉर्मखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या. बाकी भोंग्याबद्दल माझं मत तेच आहे.

भीमनगर_कट्टा: नुसता नंबर देऊन काय होणार? कॉलेजात समुपदेशक आहे का, आणि असला तर जातीवरून बोललेलं त्याला सांगायची पोरांची हिंमत होते का, ताई, भाचीला हे विचारायला सांगा.