‘आभासी बल’ म्हणावे की ‘छद्म बल’?

प्रश्न : दादरला बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी मी भौतिकशास्त्राची मराठी टिपणे तयार करत आहे. फिरत्या संदर्भचौकटीत, म्हणजे स्वतः फिरणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने, जी बले हिशेबात धरावी लागतात, त्यांना ‘आभासी बल’ म्हणावे की ‘छद्म बल’? तसेच ‘अपकेंद्री बल ही अभिकेंद्री बलाची प्रतिक्रिया होय’ हे वाक्य चालेल का? (अपकेंद्री म्हणजे केंद्रापासून बाहेर ढकलणारे, अभिकेंद्री म्हणजे केंद्राकडे ओढणारे.)

उत्तर १ : ते वाक्य आधी काढून टाकावे. क्रिया आणि प्रतिक्रिया नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर घडतात, तर अपकेंद्री बल हे त्याच वस्तूवर, आणि तेही फक्त फिरत्या चौकटीतून पाहणाऱ्याला, मानावे लागते. केम्प्स कॉर्नरला बस डावीकडे वळते तेव्हा उभा प्रवासी उजवीकडे झुकतो. पदपथावरून पाहणाऱ्याच्या लेखी त्याचे शरीर सरळ रेषेत जाऊ पाहत असते आणि हातातला दांडा त्याला आत ओढत असतो. या ओढीची प्रतिक्रिया दांड्यावर होते, प्रवाशावर नव्हे. बसलाच स्थिर धरणाऱ्याला मात्र वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा (फिरण्याच्या वेगाचा) वर्ग यांच्या गुणाकाराइतके बाहेर ढकलणारे बल जमेस धरल्याशिवाय न्यूटनचा दुसरा नियम लावताच येत नाही.

शब्दांपैकी माझा कौल ‘छद्म’ला आहे. ‘आभासी’ हे विशेषण प्रकाशशास्त्रात पडद्यावर घेता न येणाऱ्या प्रतिमेसाठी रुळले आहे, त्यामुळे विद्यार्थी या बलालाही दृष्टिभ्रम समजतो. वास्तविक त्याचा परिणाम मोजता येतो : पृथ्वीच्या परिवलनातील अपकेंद्री परिणामामुळे विषुववृत्तावर गुरुत्व त्वरण सुमारे ०.०३४ मी/से² इतके कमी भरते आणि ताणकाट्यावर ते दिसते. छद्म म्हणजे सोंग, आणि येथे जडत्वानेच बलाचे सोंग घेतलेले असते; म्हणून तर ही बले नेहमी वस्तुमानाच्या प्रमाणात असतात.

उत्तर २ : सहमत. ‘जडत्वीय बल’ हा पर्याय अर्थाने अधिक नेमका आहे, परंतु ‘जडत्वीय चौकट’ म्हणजे जिथे ही बले नसतात ती चौकट, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही शब्द आले की गोंधळ ठरलेला.

कोरिऑलिस बलाचे, म्हणजे फिरत्या चौकटीत हलणाऱ्या वस्तूला आडवे वळवणाऱ्या छद्म बलाचे, नाव मात्र तसेच ठेवावे. फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये फिरत्या यंत्रांच्या गणितातून ते मांडले. आपल्याकडे उदाहरण शोधायला दूर जायला नको : दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून वाहणारे वारे विषुववृत्त ओलांडल्यावर उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे म्हणून मुंबईत पोहोचतात. या शहराच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९° उत्तरेला, ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीवर मात्र त्याचे आडवे त्वरण जेमतेम ०.००१३ मी/से² असते. गाडीतल्या प्रवाशाला ते जाणवत नाही. वाऱ्याला ते हजारो किलोमीटरच्या प्रवासात सतत लागू असते. कोनीय वेगच बदलत असेल तर त्या बदलामुळे येणारे छद्म बल, म्हणजे ऑयलर बलही धरावे.

जुन्या पुस्तकांतला ‘केंद्रोत्सारी’ हा शब्द ‘अपकेंद्री’च्याच अर्थाचा आहे, टिपणांत दोन्हींची सरमिसळ करू नये.